पिवळें, केशरी, पांढरें

स्वयंपाकघरांतील फळीवर किंवा कपाटाच्या खणांत, जुन्या लग्नपत्रिका आणि विजेचीं बिलें यांच्या सोबतीनें, महाराष्ट्रांतील बहुतेक घरांत एक शिधापत्रिका पडलेली असते. पांढरपेशा घरांत ती बहुधा पांढऱ्या रंगाची असते आणि वर्षानुवर्षें उघडली जात नाहीं. त्याच घरांत सकाळीं धुणीं-भांडीं करावयास येणाऱ्या बाईची पत्रिका केशरी असते, आणि तिच्या शेजारच्या खोलींत राहणाऱ्या एखाद्या थकलेल्या विधवेची पिवळी. एकाच खात्यानें दिलेल्या ह्या तीन पुस्तिका. रंगाखेरीज त्यांच्या दिसण्यांत फारसा भेद नाहीं. भेद आहे तो त्यांच्यामागें घेतलेल्या निर्णयांत. हा निर्णय कोणत्या प्रश्नांवर होतो, चौकशी कशी चालते, आणि एखाद्या घराला ‘नाहीं’ असें उत्तर मिळतें तेव्हां त्या ‘नाहीं’चा नेमका अर्थ काय, हें पांढऱ्या पत्रिकेच्या घरांतून सहसा कोणी विचारीत नाहीं, आणि केशरी पत्रिकेच्या घरांतून विचारलें तर सांगणारा भेटत नाहीं.

मुंबईंत शिधावाटप सुरू झालें तें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ सालीं. त्या वेळीं प्रश्न गरिबीचा नव्हता, धान्याचा होता. बाजारांत माल कमी, म्हणून जें आहे तें माणशी मापून द्यावयाचें, एवढाच हेतु. गिरगांवांतील वकील आणि परळचा गिरणीकामगार या दोघांच्या घरीं कार्ड होतें. चौकशी तेव्हांही होत असे, पण ती डोकीं मोजण्याची: घरांत खरोखर सहा माणसें आहेत कीं चार, गांवीं गेलेल्या भावाचें नांव अजून चालूच आहे काय, एवढ्यापुरती. ‘तुम्ही गरीब आहांत काय?’ हा प्रश्न शिधावाटपाच्या कचेरींत विचारला जात नसे. तो आला पुष्कळ उशिरां. जून १९९७ मध्यें केंद्र सरकारनें लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्था सुरू केली आणि दारिद्र्यरेषेच्या खालचें घर व वरचें घर असे दोन वर्ग पाडले. महाराष्ट्रानें त्यापुढें जाऊन १ मे १९९९ पासून तीन रंगांच्या पत्रिका आणल्या. त्या दिवसापासून शिधापत्रिका हें केवळ धान्याचें पुस्तक राहिलें नाहीं. तें घराच्या ऐपतीचें प्रमाणपत्र झालें.

त्या वेळचे निकष आज वाचतांना मोठे बोलके वाटतात. पिवळी पत्रिका मिळण्यास कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असावें. घरांत कोणी डॉक्टर, वकील, वास्तुशास्त्रज्ञ किंवा सनदी लेखापाल नसावा. कोणी व्यवसायकर, विक्रीकर किंवा आयकर भरणारा नसावा. चारचाकी वाहन नसावें. ठराविक मर्यादेपेक्षां अधिक जमीन नसावी. आणि घरांत दूरध्वनि नसावा. १५,००० रुपयांहून अधिक पण एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांना केशरी. त्यांतही चारचाकी वाहन नसावें, मात्र टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला ह्या अटींतून सूट. एक लाखाच्या वरचे सगळे पांढरे. यांतील दूरध्वनीची अट विशेष पाहण्यासारखी आहे. १९९९ सालीं घरांतील फोन ही सुस्थितीची खूण होती, यांत शंका नाहीं. पुढच्या दहा-बारा वर्षांत भाजीवाल्याच्या हातांतही फोन आला, आणि ती खूण निकामी झाली. सुस्थिति ओळखण्यासाठीं जी वस्तु निवडावी ती कांहीं वर्षांत स्वस्त होते. रुपयांचा आंकडा निवडावा तर तो महागाईनें लहान होतो. नियम जागच्या जागीं राहतो आणि त्याच्याखालचें जग सरकतें.

२०१३ सालीं राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला आणि फेब्रुवारी २०१४ पासून महाराष्ट्रांत त्याचा अंमल सुरू झाला. ह्या कायद्यानें रंगांच्या वर आणखी एक विभागणी घातली. पिवळ्यांपैकीं जीं अत्यंत निकडीचीं घरें ‘अंत्योदय’ योजनेंत आहेत त्यांना दर पत्रिकेस महिन्याला ३५ किलो धान्य. आणि ‘प्राधान्य कुटुंबां’ना दर माणशीं ५ किलो. पिवळ्या पत्रिकांचीं उरलेलीं घरें प्राधान्य कुटुंबांत आलीं. केशरींपैकीं, शहरांत वार्षिक उत्पन्न ५९,००० रुपयांपर्यंत आणि खेड्यांत ४४,००० रुपयांपर्यंत असेल तीं. अशा केशरी पत्रिकांवर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का उमटूं लागला. ह्याच कायद्यानें ठरविलेला तांदूळ तीन रुपये, गहूं दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो हा दर १ जानेवारी २०२३ पासून गेला आणि धान्य विनामूल्य झालें. १ जानेवारी २०२४ पासून पुढें पांच वर्षें तें तसेंच राहावें असें केंद्रानें ठरविलें. दोन वर्गांतील हिशेबाची एक गंमतही आहे. एकट्या म्हातारीला अंत्योदयाचे ३५ किलो मिळतात आणि नऊ माणसांच्या अंत्योदय घरालाही तेवढेच. तेंच नऊ जणांचें घर प्राधान्य वर्गांत असतें तर त्याला ४५ किलो मिळाले असते. सात माणसांपर्यंत अंत्योदय बरें, त्यापुढें प्राधान्य बरें. अधिक निकडीचें म्हणून ज्याला निवडलें, त्याचेंच माप घर मोठें असलें कीं उणें भरतें.

ह्या व्यवस्थेंत एका घराचें काय होतें हें पाहण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घ्यावें. कुर्ल्याला भाड्याच्या खोलींत राहणारी एक बाई. नवरा सोडून गेलेला. पदरीं शाळेंत जाणारीं दोन मुलें. चार घरीं धुणीं-भांडीं करून प्रत्येक घरचे पंधराशें, म्हणजे महिन्याला सहा हजार रुपये तिला मिळतात. तिचें नांव सासरच्या पत्रिकेवर आहे, आणि ती पत्रिका बीडकडील एका गांवांत दिराच्या पेटींत आहे. तिला स्वतःची पत्रिका हवी आहे. शिधावाटप कार्यालयाला तिच्याविषयीं तीन निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें शोधावीं लागतात, आणि ते तीन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळेंच पुष्कळ गैरसमज होतात.

पहिला प्रश्न, घर कोणतें. व्यवहारांत एका चुलीवर जेवणारीं माणसें तें एक कुटुंब, आणि एका माणसाचें नांव एकाच पत्रिकेवर, हा नियम आहे. नियम रास्त आहे. नाहीं तर एकच पोट दोन दुकानांत शिधा घेईल. पण त्याचा अर्थ असा होतो कीं नव्या पत्रिकेसाठीं आधीं जुन्या पत्रिकेवरून नांव कमी झाल्याचा दाखला आणावा लागतो. लग्न होऊन सासरीं जाणारी मुलगी असो वा बदली झालेला कारकून असो, त्यांना ही एक किरकोळ खेप असते. कुर्ल्याच्या बाईला मात्र ज्या घराशीं तिचें बोलणें उरलेलें नाहीं त्या घराकडे जावें लागतें. तेथें पत्रिका दिराच्या हातांत, आणि नांव कमी झालें तर घराचा शिधा पंधरा किलोंनीं कमी होणार, म्हणून त्याला तें करण्याची घाई नाहीं. कायद्यानें स्त्रीला ह्या बाबतींत मोठें स्थान दिलें आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणें घरांतील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री हीच पत्रिकेसाठीं कुटुंबप्रमुख. पुरुष तो मान घेतो तो अशी स्त्री घरांत नसेल तेव्हांच. म्हणजे बीडच्या पत्रिकेवर प्रमुख म्हणून सासूचें नांव असेल, आणि कुर्ल्याच्या पत्रिकेवर ह्या बाईचें. मात्र कागदावर प्रमुख असणें आणि पत्रिका हातांत असणें ह्या दोन गोष्टी आहेत.

दुसरा प्रश्न उत्पन्नाचा. सहा हजार महिना, म्हणजे वर्षाचे ७२,००० रुपये. एक लाखाच्या आंत, म्हणून पत्रिका केशरी. पण ५९,००० च्या वर, म्हणून प्राधान्य नाहीं, आणि प्राधान्य नाहीं म्हणजे माणशी पांच किलोचा हक्क नाहीं. तीन घरीं काम केलें असतें तर उत्पन्न ५४,००० झालें असतें आणि तिघांचे पंधरा किलो सुरू झाले असते. चौथें घर धरल्याबरोबर ते गेले. रेषा कोठें तरी ओढावी लागते, आणि रेषेच्या दोन्ही अंगांस सारखींच माणसें असतात, हें खरें. परंतु ही रेषा २०१३ सालीं ओढली गेली आणि पुढें दहा वर्षांहून अधिक काळ तेथेंच राहिली. २०१९ मध्यें महाराष्ट्र सरकारनें दुकानांतील व व्यापारी आस्थापनांतील अकुशल नोकराचें किमान वेतन मोठ्या शहरांसाठीं महिना दहा हजारांच्या वर ठरविलें. म्हणजे सरकारनेंच ठरविलेलें किमान वेतन ज्याला पूर्ण मिळतें तो नोकर एकटा कमावता असला तरी त्याचें घर ५९,००० च्या मर्यादेबाहेर जातें. तीत बसण्यासाठीं किमान वेतनाहून कमी मिळणें हा जणूं पात्रतेचा भाग झाला.

हें उत्पन्न मोजावयाचें कसें, ही पुढची अडचण. नोकरदाराच्या हातीं पगाराची पावती असते. चार घरच्या बाईच्या हातीं कांहींच नसतें. मग ती स्वयंघोषणापत्र लिहून देते, किंवा तहसिलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणते. खेड्यांत त्या दाखल्यापूर्वीं तलाठी चौकशी करून अहवाल देतो: शेत किती, मजुरी किती दिवस, घरांत कमावतीं माणसें किती. तलाठ्याजवळ सात-बाराचा उतारा असतो, म्हणून जमिनीची चौकशी नेमकी होते; मजुरीची अदमासानें. शहरांत अदमासच अधिक. ज्याचें उत्पन्न कागदावर आहे तो पकडला जातो, ज्याचें नाहीं तो सुटतो किंवा अडकतो, आणि दोन्ही गोष्टी चौकशी करणाऱ्याच्या तर्कावर जातात.

शिधावाटप निरीक्षकाच्या गृहभेटीविषयीं वस्तींत जें भय असतें तें ह्यामुळेंच. निरीक्षक येतो, भाडेकरार किंवा विजेचें बिल पाहतो, माणसें मोजतो, कोणी कोठें कामाला आहे हें विचारतो, प्रसंगीं शेजाऱ्यांस विचारतो. त्या दिवशीं घरांतील शीतकपाट चादरीखालीं जातें आणि थोरल्या मुलाची दुचाकी दुसऱ्या गल्लींत. वास्तविक १९९९ च्या निकषांत शीतकपाटाचा उल्लेख नाहीं, दूरचित्रवाणीचा नाहीं, दुचाकीचाही नाहीं. तेथें चारचाकी आहे, जमीन आहे, कर आहेत, व्यवसाय आहेत आणि उत्पन्नाचा आंकडा आहे. घरांतील वस्तूंवरून उत्पन्नाचा संशय घेण्यास निरीक्षक मोकळा आहे; पण केवळ शीतकपाट आहे म्हणून पत्रिका नाकारतां येत नाहीं. ही एवढी गोष्ट ठाऊक असती तर किती तरी चादरी वांचल्या असत्या. न लपविण्यासारख्या वस्तूच्या लपवालपवीनेंच खरा संशय निर्माण होतो, आणि हमीपत्रावर सही करून खोटी माहिती दिल्याचा ठपका मात्र खऱ्या लपविलेल्या उत्पन्नाइतकाच जड बसतो.

आतां चौकशीचें बरेंचसें काम निरीक्षकाच्या नजरेकडून यंत्राकडे गेलें आहे. पत्रिकेवरील प्रत्येकाचें आधार जोडावयाचें, दुकानांतील यंत्रावर अंगठा ठेवावयाचा, आणि अलीकडच्या काळांत प्रत्येक सदस्याची ई-केवायसी करावयाची. ह्यामुळें खोटीं नांवें, मेलेल्यांचीं नांवें, दोन ठिकाणचीं नांवें उघडकीस येतात, हा लाभ उघड आहे. परगांवीं गेलेल्या मजुराचाही लाभ झाला: ऑगस्ट २०१९ मध्यें महाराष्ट्र आणि गुजरात ह्यांच्यांत, तसाच आंध्र आणि तेलंगण ह्यांच्यांत, एका राज्याच्या पत्रिकेवर दुसऱ्या राज्यांत धान्य मिळण्याची सोय सुरू झाली आणि पुढें ती देशभर पसरली. पण ज्या हातांनीं वर्षानुवर्षें राखेनें किंवा साबणानें भांडीं घासलीं त्या बोटांवरच्या रेषा यंत्राला दिसत नाहींत. म्हाताऱ्यांच्याही दिसत नाहींत. त्यांच्यासाठीं डोळ्याच्या बुबुळावरून किंवा फोनवर येणाऱ्या अंकांवरून ओळख पटविण्याचे मार्ग ठेवलेले आहेत. ते दुकानदारास ठाऊक असले तरी ग्राहकास ठाऊक नसतात. अंगठा लागत नाहीं म्हणजे आपण अपात्र ठरलों, अशी समजूत करून घेऊन माणसें परत जातात.

राहिला तिसरा प्रश्न, आणि तोच सर्वांत कमी बोलला जातो. समजा, कुर्ल्याच्या बाईनें चौथें घर सोडलें. सासरच्या पत्रिकेवरील नांव कमी झालें, उत्पन्न ५४,००० ठरलें, निरीक्षकाचा अहवाल अनुकूल आला. तरीही धान्य मिळेलच असें नाहीं. कारण जागा रिकामी असावी लागते. अन्नसुरक्षा कायद्याचा लाभ देशांतील ग्रामीण लोकसंख्येच्या शेंकडा ७५ पर्यंत आणि नागरी लोकसंख्येच्या शेंकडा ५० पर्यंत लोकांस द्यावयाचा आहे, आणि प्रत्येक राज्याचा वांटा केंद्रानें ठरविला आहे. महाराष्ट्राच्या वांट्याला ग्रामीण भागांत शेंकडा ७६.३२ आणि शहरांत ४५.३४ हें प्रमाण आलें. माणसांच्या संख्येंत ७ कोटी १६ हजार ६८४. ह्या संख्येला कचेरीच्या भाषेंत इष्टांक म्हणतात. तो २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. त्या गणनेंत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारें ११ कोटी २४ लाख भरली होती. २०२१ सालीं व्हावयाची गणना झाली नाहीं, आणि माणसें वाढलीं तरी इष्टांक वाढला नाहीं. म्हणून पात्र ठरलेल्या नव्या घराला आंत येण्यासाठीं कोणी तरी बाहेर जावें लागतें: कोणी मृत्यु पावून, कोणी राज्य सोडून, कोणी उत्पन्न वाढल्यामुळें, कोणी आपण होऊन.

अपात्र पत्रिका शोधून काढण्याच्या मोहिमा वेळोवेळीं होतात, त्यांचें महत्त्व ह्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. वर्तमानपत्रांत त्या चोर पकडण्याच्या मोहिमांसारख्या वाचल्या जातात. प्रत्यक्षांत त्या रांगेंत जागा मोकळ्या करण्याच्या असतात. आणि ज्याचें पोर नुकतेंच नोकरीला लागलें आहे, ज्यानें कधींही खोटें सांगितलें नव्हतें, तोही त्यांत बाहेर निघतो. सुस्थितींत असूनही जुन्या शिक्क्यावर धान्य उचलणाऱ्या घरांसाठीं आपण होऊन लाभ सोडण्याचा अर्जही शासनानें ठेवलेला आहे. तो फारसा खपत नाहीं. एका घरानें सोडलेले वीस किलो हे तिजोरींत परत जात नाहींत, रांगेंतल्या दुसऱ्या घराला जातात, हें त्या अर्जावर ठळक अक्षरांत छापलें असतें तर कदाचित् अधिक खपला असता.

इष्टांकाच्या ह्या भिंतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ई-श्रम नोंदणी झालेल्या, पण पत्रिका नसलेल्या सुमारें आठ कोटी असंघटित कामगारांना इष्टांकाची सबब न सांगतां पत्रिका द्याव्या, असा आदेश न्यायालयानें मार्च २०२४ मध्यें दिला. आदेश पत्रिकेचा आहे. त्या पत्रिकेवर धान्य येण्यास त्यामागें धान्याची तरतूदही लागते.

पत्रिकेचा रंग आतां धान्यापुरता राहिलेला नाहीं, ही गोष्टही ह्या चौकशीला वजन आणते. आरोग्यविमा योजनेंत अनेक वर्षें पिवळी-केशरी पत्रिका हेंच प्रवेशपत्र होतें; पांढऱ्या पत्रिकेच्या घरांस त्या योजनेंत घेण्याचा निर्णय २०२३ सालीं झाला. २०२४ सालीं मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना निघाली तेव्हां पिवळी किंवा केशरी पत्रिका दाखविणाऱ्या स्त्रियांना उत्पन्नाच्या दाखल्यांतून सूट मिळाली. धान्यासाठीं केलेली पाहणी अशा रीतीनें औषधासाठीं आणि रोख रकमेसाठींही वापरली जाते. मूळ पाहणींतील चूक त्याबरोबर सगळीकडे जाते.

‘नाहीं’ असें उत्तर मिळालें तर काय करावें, हें सांगणारे कायदे आहेत. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखालीं अर्जाची पोंच मिळाली पाहिजे, अर्ज फेटाळला तर कारण लेखी मिळालें पाहिजे, आणि त्यावर खात्यांतच दोन अपिलें व पुढें आयोगाकडे दाद आहे. अन्नसुरक्षा कायद्यानें प्रत्येक जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आणि राज्याला अन्न आयोग दिला आहे; निवडलेल्या घरांची यादी सर्वांस पाहतां येईल अशी लावणें बंधनकारक केलें आहे; आणि हक्काचें धान्य मिळालें नाहीं तर त्याऐवजीं भत्ता देण्याचेंही त्यांत कलम आहे. ह्यांतील लेखी कारणाचें महत्त्व विशेष आहे, कारण ‘तुमचें बसत नाहीं’ ह्या खिडकीवरच्या तोंडी उत्तरांत तिन्ही प्रश्न एकत्र दडलेले असतात. नांव दुसरीकडे आहे म्हणून बसत नाहीं, तर इलाज दाखला आणण्याचा. उत्पन्न अधिक ठरलें म्हणून बसत नाहीं, तर इलाज दाखल्याच्या फेरतपासणीचा. इष्टांक भरला म्हणून बसत नाहीं, तर त्या घराकडून कांहींच चूक झालेली नाहीं, अर्ज प्रतीक्षेंत राहावयास हवा. पण नेमक्या ह्याच वेळीं माणूस कागदपत्रें गोळा करीत पुन्हां पहिल्यापासून फिरूं लागतो, रोज बुडवतो, आणि दलालाच्या हातीं सांपडतो. नव्या पत्रिकेचा अर्ज नमुना १ वर होतो, ठाऊक असलेल्याला त्यासाठीं दलाल लागत नाहीं.

कुर्ल्याच्या बाईच्या बाबतींत सासरचा दाखला यावयास आठ महिने लागले असें समजावें. पत्रिका केशरी निघाली. पहिल्या पानावर कुटुंबप्रमुख म्हणून तिचें नांव, खालीं दोन मुलांचीं. उत्पन्नाच्या रकान्यांत ५४,०००. दुकानदारानें पत्रिकेचा क्रमांक यंत्रांत घालून पाहिला आणि अजून धान्य चढलेलें नाहीं, पुढच्या महिन्यांत पाहा, असें सांगितलें. त्या महिन्यांत तिनें चौथें घर पुन्हां धरावें कीं धरूं नये, हें तिला कोणत्याही कचेरींत सांगतां आलें नाहीं.